भोकाच्या शेंगेतली अळी

सिंहाचे हुकूम पिंपळाच्या पानावर लिहिले जायचे, तेव्हाची ही गोष्ट. जंगलात तीन खारींनी तीन झाडांच्या ढोलीत पेढ्या उघडल्या. प्राणी पावसाळ्याची बेगमी म्हणून तिथे शेंगा ठेवायचे आणि पावती म्हणून पळसाचं पान घ्यायचे. राजाचा कायदा सरळ होता: जितकी पानं वाटली, तितक्या शेंगा ढोलीत हव्यात.

पण खारींनी शेंगा कधीच फस्त केल्या होत्या! तिघींत मिळून एकच टोपली उरली होती. तपासनीस कासव आंब्याच्या ढोलीतल्या शेंगा मोजून जांभळीकडे निघालं, की खारी टोपली उचलून खिदळत त्याच्या आधी तिथे हजर. जांभळीकडून वडाकडेही तसंच. वाटेत दोन फुगड्या घालूनसुद्धा वेळ उरायचा!

एके दिवशी वडाच्या ढोलीत कासवानं शंभरावी शेंग उचलली. तिला भोक होतं. त्यातून एका अळीनं डोकं बाहेर काढलं.

"नमस्कार साहेब! आज तिसऱ्यांदा भेटतोय आपण. या बायांना जरा सांगा हो, टोपली हळू न्या म्हणावं. मला गरगरतंय!"

खारींच्या शेपट्या खाली आल्या. पावतीचं पान घेऊन शेंगा न्यायला आलेलं साळिंदर म्हणालं, "म्हणजे माझ्या शेंगा...?"

राजानं नवा हुकूम काढला: तिन्ही ढोल्या एकाच वेळी तपासायच्या, तीन कासवांनी. खारी अजून शेंगा वेचून साळिंदराची भरपाई करताहेत.

"राजाचा आमच्यावर विश्वासच नाही," त्या कुरकुरतात.

अळी म्हणते, "ते मला नाही कळत, बाई. पण आता मी एका जागी असते."