कधीच न कोपणारा देव

खाडीकाठच्या एका गावात सखोबा नावाचा मूर्तिकार राहत होता. त्याच्या हातच्या देवी अगदी जिवंत वाटत. कुणी हसरी, कुणी रुसलेली, कुणी डोळे वटारलेली. "देवालाही आपल्यासारखंच मन असतं," असं तो म्हणे.

शेजारी खोरशेदबाई ही म्हातारी पारशीण राहायची. तिच्या घरात मूर्ती नव्हती, नुसता दिवा तेवत असे.

एकदा काम करताना सखोबाच्या हातून देवीच्या मूर्तीचं बोट तुटलं. दुसऱ्याच दिवशी त्याची लहानगी लेक बकुळा तापानं फणफणली. लोक म्हणाले, "देवी कोपली. क्षमा मागत बस, जागचा हलू नकोस." सखोबा मूर्तीपुढे डोकं टेकून बसला. आत पोर कण्हत होती.

खोरशेदबाई काठी टेकत आली. बकुळाच्या कपाळाला हात लावताच ती ओरडली, "अरे दीकरा, हिला वैद्याकडे ने! पलीकडच्या गावातच तर आहे."

"कसा नेऊ, बाई? मी उठलो तर देवी आणखी चिडेल. तुमचा देव चिडत नाही का?"

"आमच्या अहुर मज्दाला चेहरा नाही, हातपाय नाहीत. तो म्हणजे उजेड आणि शहाणपण. चिडणं, सूड घेणं त्याच्यात नाहीच. आजार त्याच्याकडून येत नाहीत, तो त्यांच्याशी लढतो. आणि त्या लढाईत त्याला आपली मदत हवी असते, असं आम्ही मानतो."

सखोबानं मूर्तीकडे पाहिलं. ते वटारलेले डोळे त्यानंच तर कोरले होते! भीती गेली नव्हती, तरी तो उठला. त्यानं पोरीला उचललं आणि खोरशेदबाईच्या बैलगाडीतून दोघं तिला घेऊन निघाले.

वैद्य म्हणाला, "वेळेवर आणलंत. उशीर झाला असता तर माझाही इलाज चालला नसता."

औषध लागू पडलं. ताप उतरला आणि बकुळा पेज मागू लागली. सखोबाचे डोळे भरून आले. "बाई, आज कोण धावून आलं? माझा देव की तुमचा?"

खोरशेदबाई हसली. "धावलो आपण दोघं. पण उठायची बुद्धी ज्यानं दिली, त्याला तू हवा तो चेहरा दे. फक्त त्याला दुष्ट समजू नकोस."

सखोबानं मूर्ती घडवणं सोडलं नाही. पण त्याची पुढची देवी आजारी लेकरावर वाकलेल्या आईसारखी दिसत होती. खोरशेदबाई ती बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "हिच्याशी मलासुद्धा बोलावंसं वाटतं."

तात्पर्य इतकंच: देवाला रूप द्या किंवा देऊ नका, पण आपली भीती आणि आपला राग त्याच्या माथी मारू नका. दुसऱ्याच्या दुःखात धावून जाणं हीच त्याची खरी भक्ती.