जपानी गाडीचा ब्रेक आणि धुळाप्पाचा पाय

एका गावात धुळाप्पा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? बायकोनं एकदा सांगितलं, दुधाकडं लक्ष ठेवा. यानं ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. हा शेवटपर्यंत बघत होता. लक्ष जराही हललं नाही.

असा हा धुळाप्पा बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजात कामाला होता. गॅरेज गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. तिथून उतार सुटायचा तो थेट ग्रामदेवीच्या देवळापर्यंत, आणि देवळामागं तळं. बाबालालना सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांचा हात सोन्याचा होता आणि आवाज ढोलासारखा. धुळाप्पाचा त्यांच्यावर फार जीव. उस्ताद बोलले की तो मान हलवायचा आणि बोललेलं तसंच्या तसं करायचा. तीच सगळी अडचण होती.

त्याच गावात वीरधवलदादा होते. दादांनी जपानहून गाडी मागवली. काळी कुळकुळीत, शर्यतीत पळणारी, वर काचेचं उघडतं झाकण. गाडी इतकी बुटकी की गावातला गतिरोधक ओलांडताना चार माणसांनी उचलायला लागायची. रस्त्याला खड्डे असे की ती बैलगाडीच्या मागंच चालायची. तरी दादा म्हणाले, "उस्ताद, हिला मोठे ब्रेक बसवायचे. लाल रंगाचे. चाकातनं लांबनं दिसले पाहिजेत."

"दादा, गाडी पळतीय कुठं, थांबवायला?"

"पळंल न पळंल. थांबली की लोकांनी बघितलं पाहिजे!"

परदेशातून खोकं आलं. आत चाकाबरोबर फिरणाऱ्या परातीएवढ्या चार डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे धरणारे लालभडक कॅलिपर. देवीसमोर पूजा करून गाडी मिरवायची, असं ठरलं. उस्तादांनी धुळाप्पाला समोर उभं केलं.

"हे बघ धुळ्या. आतापतूर तुझं लई सोसलं. ही गाडी धड देवळापतूर गेली तर तू हितं. न्हाई तर टोपी उचलायची आन् घरचा रस्ता धरायचा. कळलं?"

"कळलं उस्ताद." धुळाप्पानं मान हलवली. गॅरेज सोडून त्याला जगात दुसरं काही आवडत नव्हतं. त्यानं मनाशी ठरवलं, आता उस्तादांचा एक शब्दसुद्धा खाली पडू द्यायचा नाही.

आदल्या आठवड्यात गॅरेजचं दार कुरकुरत होतं. तेव्हा उस्ताद म्हणाले होते, "लोखंडाला काय घासलं की तेल सोडायचं. ध्यानात ठेव." धुळाप्पानं ध्यानात ठेवलं होतं. उस्तादांनी नवे ब्रेक बसवले आणि हात धुवायला गेले. धुळाप्पानं चाक फिरवून बघितलं. कॅलिपरमधलं पॅड डिस्कला घासत होतं. त्यानं चारी चाकांना बुधलीभर तेल सोडलं. चाक कसं लोण्यासारखं फिरायला लागलं.

उस्तादांनी गाडी काढली, ब्रेक दाबला. गाडी तशीच शेजारच्या कडब्याच्या गंजीत शिरली.

"ब्रेकला तेल लावलंस?"

"घासत हुतं उस्ताद."

"अरं घासतंय म्हणून तर थांबतंय! ब्रेकला तेलाचा थेंब दिसता कामा नये. सगळं पुसून कोरडं ठणठणीत कर."

"करतो उस्ताद."

केलं. डिस्क पुसल्या, पॅड पुसले. मग बॉनेट उघडून बघितलं तर ब्रेकची एक छोटी बाटली, आणि तिच्यात काठोकाठ तेल! धुळाप्पाला घाम फुटला. बरं झालं आपल्याला दिसलं, उस्तादांना दिसलं असतं म्हणजे? त्यानं बाटली उपसली, काडीला चिंधी गुंडाळून आतून पुसली आणि वर फुंकर मारली.

उस्तादांनी पाय ठेवला तर ब्रेक थेट तळाला गेला. गाडी पुन्हा कडब्यात.

"आतलं तेल काढलंस?"

"थेंब ठेवला न्हाई उस्ताद."

उस्तादांनी रिकामी बाटली उलटी करून बघितली. मग म्हणाले, "धुळ्या, आतलं तेल पायजे. त्येच्यावरच ब्रेक लागतो. आत हवा नको. हवा म्हंजे ब्रेकची दुश्मन. आता मी नवं तेल आणतो. मग आपण चाकापाशी बसायचं आन् हवा सगळी काढायची. बुडबुडासुदिक ऱ्हायला न्हाई पायजे."

उस्ताद तेल घेऊन परत आले तेव्हा बुटकी गाडी आणखी वीतभर बुटकी झाली होती. धुळाप्पा घामाघूम, पण तोंडावर समाधान.

"काढली उस्ताद. चाकापाशी लई हवा हुती. चारीत हुती. डिकीतल्या पाचव्यातसुदिक लपून बसली हुती, तीबी काढली."

उस्तादांनी हाताला लागला तो पाना उचलला. मग खाली ठेवला. त्यांच्या हातून खून व्हायचा नव्हता म्हणून, दुसरं काही नाही.

चाकं पुन्हा फुगवली. आता खरं काम. हे काम दोघांचं असतं. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकापाशी नट ढिला करून हवा सोडायची. धुळाप्पा आत बसला. उस्ताद गाडीखाली गेले. नट ढिला करून नळी लावणार, तेवढ्यात चहावाला गणपा किटली घेऊन आला.

"काय धुळाप्पा, नवा ब्रेक व्हय? बघू की दाबून."

धुळाप्पानं दाबला. तेलाची पिचकारी थेट उस्तादांच्या दाढीत.

उस्ताद बाहेर आले. दाढीतून तेल ठिबकत होतं.

"कुणी सांगितलं दाबायला?"

"गणपानं."

"गणपा तुझा उस्ताद हाय का? नीट ऐक. मी तोंडानं 'दाब' म्हणल्याबिगर त्या ब्रेकला पाय लावायचा न्हाई. 'सोड' म्हणल्याबिगर सोडायचा न्हाई. दुसरं कुणी सांगू दे, कलेक्टर येऊ दे, हलायचं न्हाई. हातवारं न्हाईत, खाणाखुणा न्हाईत. माझ्या तोंडचा शबूद कानावर आला तरच. घे शपथ."

धुळाप्पानं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

मग काय काम झालं! "दाब." दाबला. "सोड." सोडला. चारी चाकं झाली, एक बुडबुडा राहिला नाही. उस्तादांनी स्वतः गाडी चालवून बघितली. ब्रेक असा लागला की उस्तादांची टोपी पुढच्या काचेवर. "वा रं धुळ्या," उस्ताद म्हणाले, "आता शिकलास." धुळाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पूजेचा दिवस उगवला. खाली देवळापुढं कमान, हलगीवाले, सुवासिनी आरतीची ताटं घेऊन. चार लिंबं चाकांखाली ठेवायला तयार. उस्तादांना शाल-श्रीफळ मिळणार म्हणून ते खाली उभे. वर दादा फेटा बांधून झाकणातून कमरेइतके बाहेर, हात जोडून. तसंही दादांना गाडी चालवता येत नव्हती. गावाला हे ठाऊक होतं, पण शर्यतीची गाडी घेणाऱ्याला विचारायचं कुणी? आणि दादांचा ड्रायव्हर मेहुण्याच्या लग्नाला गेलेला. स्टेअरिंगवर धुळाप्पा.

"रेस द्यायची न्हाई," दादा म्हणाले, "आपसूक जाऊ दे. लोकांना मी दिसलो पायजे."

धुळाप्पानं हँडब्रेक सोडला. गाडी निघाली. आधी हळू. मग बरी. मग दादांचा फेटा उडाला.

"धुळ्या, ब्रेक दाब!"

"दादा, तुम्ही न्हाई सांगायचं. उस्तादांनी सांगायचं."

"अरं गाडी माझी हाय!"

"गाडी तुमची, पर शपथ त्येंची हाय."

कमान जवळ आली. उस्ताद रस्त्याच्या मधोमध हात हलवत ओरडत होते, "दाब! दाब! दाऽऽब!" पण शेजारी हलगी अशी कडाडत होती की देवीलासुद्धा दुसरं काही ऐकू येत नसेल. धुळाप्पाला उस्तादांचं तोंड हललेलं दिसलं. शब्द काही कानावर आला नाही. त्यानं पाय आखडून पोटाशी घेतला, चुकून लागायला नको.

उस्ताद बाजूला उडी मारून वाचले. गाडी कमान घेऊन, आरतीच्या ताटांमधून, गुरं पाण्यावर नेतात त्या उतारानं तळ्यात गेली. दादा झाकणातून सुटले ते डुंबणाऱ्या म्हशींत जाऊन पडले. गाडीत सीटच्याही वर पाणी.

हलगी थांबली. उस्ताद काठावर धावत आले आणि उरलासुरला सगळा जीव एकवटून ओरडले, "मुडद्या, दाब की रं!"

त्या क्षणी धुळाप्पानं दाबला. मागचे लाल दिवे पाण्यात लखलखले.

"लागला उस्ताद! गाडी तसूभर हलत न्हाई बघा!"

खरंच हलेना. ट्रॅक्टर लावला, हलेना. दुसरा लावला, दोर तुटला. गाळात रुतलेली चाकं आणि वर परदेशी ब्रेक. चिखलातून आलेले दादा खेकसले, "पाय काढ!" गणपा म्हणाला, "काढ की गा!" सुवासिनी म्हणाल्या, "काढा वो धुळाप्पा!" धुळाप्पा कमरेएवढ्या पाण्यात ताठ बसून फक्त उस्तादांकडं बघत होता.

उस्तादांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. ओरडून ओरडून गळा पार बसला होता. त्यांनी हात हलवले, पाय उचलून दाखवला, शेवटी गुडघ्यांवर बसून हात जोडले.

"हातवारं न्हाईत उस्ताद," धुळाप्पा मायेनं म्हणाला, "तोंडानं म्हणा. मी हाय हितं."

दोन दिवस झाले. उस्ताद ज्येष्ठमध चघळत काठावर बसलेत. बायको धुळाप्पाला भाकरी पाण्यातून नेऊन देते. पंचक्रोशीतले लोक दादांचे ब्रेक बघायला येताहेत, आणि तळ्यात लाल दिवे बघून वा वा करताहेत.

धुळाप्पाची नोकरी मात्र अजून शाबूत आहे. कामावरून काढून टाकायलाही आवाज लागतोच की.