हळदीच्या पाण्याचे माप

फार पूर्वी वेणुपूर नगरीत जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे वृद्ध प्रधान होते. जयसेन कोवळ्या वयाचा होता. महिन्यापूर्वीच त्याचा थोरला भाऊ भद्रसेन त्याच्या डोळ्यांदेखत पुराच्या नदीत बुडाला, म्हणून गादी त्याच्याकडे आली होती. त्या दिवशी काठावर नऊ नावाडी उभे होते, पण एकानेही उडी घेतली नाही. नावाड्यांची रीतच तशी होती. नदीत भोवरा फिरू लागला की त्यांचा म्होरक्या, तांडेल, वल्हे आडवे धरी, आणि ते खाली येईपर्यंत कुणी पाण्यात उतरत नसे.

जयसेनाला ही रीत काही पटेना. एके दिवशी भरल्या पानावरून उठून त्याने हुकूम सोडला, की नऊही जणांना बायकामुलांसकट राज्याबाहेर घालवा. दगड आहेत ते, असे तो प्रधानांना म्हणाला.

"दगड आहेत हे महाराजांनी मोजून पाहिले का?" प्रधानांनी विचारले.

मन मोजता येते, हे राजाने कधी ऐकले नव्हते. रागातही त्याला नवल वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ नावाडी पांढरी धोतरे नेसून घाटावर रांगेत उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात हळदीच्या पाण्याने काठोकाठ भरलेली थाळी होती. जागचे हलायचे नाही, थेंबही सांडायचा नाही, एवढेच त्यांना सांगितले होते. राजा मुळात उतावळा. त्यानेही एक थाळी मागून घेतली. दुखवट्याचे पांढरे वस्त्र त्याच्या अंगावर होतेच.

प्रधान रांगेपुढून सावकाश चालत गेले आणि शेवटच्या पायरीवरून धपकन नदीत पडले.

कुणाचेही पाऊल उचलले नाही. प्रधान उठून उभे राहिले, तेव्हा पाणी त्यांच्या कमरेला लागत होते.

मग धोतरे पाहिली. नऊही धोतरांवर पिवळे डाग होते. कुणाचे गुडघ्यापर्यंत भिजले होते, तर तांडेल कच्छकाच्या धोतरावर तीनच थेंब होते. सांडले म्हणजे आता देश सुटला, असे समजून कच्छकाने मान खाली घातली.

"महाराज, इथे कंबरभर पाणी आहे हे आम्हाला पोरवयापासून ठाऊक. प्रधानजी बुडायचे नाहीत, हेही कळत होते. तरी हात कसा हलला, ते कळलेच नाही."

"तीनच थेंब," राजा म्हणाला. "म्हणजे याला दया कमी?"

"वल्हे मारून हात राठ झालाय त्याचा," प्रधान म्हणाले. "दया किती, ते हे माप सांगत नाही. विचार जागा व्हायच्या आधी आत काहीतरी धावले, एवढेच सांगते. पुराच्या दिवशीही ते धावले असेल. भोवऱ्याच्या भीतीने पाय धरून ठेवले."

राजाने खाली पाहिले. त्याची स्वतःची थाळी रिकामी होती आणि वस्त्र छातीपासून पायांपर्यंत पिवळे झाले होते.

"मीही काठावरच होतो," तो म्हणाला. "दादाने माझ्याकडे पाहिले होते. मी हललो नाही. मला वाटले, माझ्या आत काहीच नाही."

एवढे बोलून तो पायरीवर बसला आणि महिन्यात पहिल्यांदा रडला. कच्छक शेजारी येऊन बसला. हुकूम मागे घेतल्याचे राजाला सांगावे लागले नाही.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या काळचा जयसेन म्हणजे भाऊ गेल्यापासून स्वतःला दोष देणारा हा सीलक. कच्छक म्हणजे त्याला रोज भिक्षेला सोबत नेणारा वप्पिल. आणि प्रधान मीच होतो. जो थिजून उभा राहिला, त्याच्याही आत जे धावले ते पाहणे, हीच करुणा."