एकशे सदतीस भातांची फ्लॉपी

विषय: भाताच्या एकशे सदतीस जुन्या वाणांची पुसली गेलेली यादी परत मिळण्याबाबत.
संदर्भ: श्रीमती मथुरा म्हसकर, निवृत्त शिक्षिका, यांचा अर्ज.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी. कोकणातल्या एका गावात एक शिक्षिका राहत होत्या. निवृत्तीनंतर सात वर्षे त्या वाडी-वाडी हिंडल्या. कोणते भात खाजणाच्या खाऱ्या जमिनीत तगते, कोणते कातळावर पिकते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवले. टीव्हीला जोडून चालवायचा तो जुना कॉम्प्युटर. यादीच्या दोन फ्लॉप्या होत्या. दमट हवेत एकीला बुरशी आली. बाई घाबरल्या आणि यादीची प्रत केंद्रात जपून राहावी म्हणून उरलेली फ्लॉपी घेऊन तडक बियाणे केंद्रात गेल्या. माझ्या यंत्राची लिहिण्याची रीत वेगळी आहे, जपून वाचा, असे त्यांनी दोनदा बजावले.

केंद्राचे अधीक्षक खांबेटे यांनी फ्लॉपी नव्या कॉम्प्युटरच्या खाचेत घालायला लावली. ती बरोबर बसली. त्यांच्या मते विषय तिथेच संपला होता. पण पडद्यावर प्रश्न आला: फ्लॉपी ओळखता येत नाही, नव्याने फॉरमॅट करायची का?

कॉम्प्युटर चालवणाऱ्या नलिनी ठोंबरे यांनी समजावले. फ्लॉपीचा आकार एकच असला, तरी प्रत्येक यंत्र तिच्यावर आपापल्या रीतीने वाफे पाडते. आपल्या यंत्रातल्या, फ्लॉपी वाचणाऱ्या कंट्रोलरला दुसऱ्याचे वाफे दिसत नाहीत. बाईंचे घर पाच मिनिटांवर आहे. तिथे जाऊन त्यांच्याच यंत्रावरून यादी उतरवून घेऊ.

"म्हणजे कार्यालयाने लोकांच्या घरी जायचं?"

"साहेब, फ्लॉपी कोरी नाही. आपल्याला वाचता येत नाही, एवढंच."

"ठोंबरेबाई, टीव्हीवरच्या खेळण्याला जे वाचता येतं, ते आपल्या नव्या यंत्राला येत नाही, असं म्हणता? कोरीच आणलीय त्यांनी."

शिवाय केंद्राची एक शिस्त होती. आवक शिक्क्याशिवाय बाहेरचा कागद आत येत नसे. फ्लॉपीवर शिक्का उमटेना, म्हणून खांबेट्यांनी परिपत्रक काढून फॉरमॅट करणे, म्हणजे सगळे पुसून नव्याने आखणे, हाच आवक शिक्का ठरवला होता. आजवर बाहेरून कोऱ्या फ्लॉप्याच येत असल्याने कोणाची तक्रार नव्हती. त्यांनी स्वतःच्या बोटाने 'होय' दाबले. यंत्राने घरघर करत काम चोख केले. मग त्यांनी शेरा लिहिला: फ्लॉपी सुस्थितीत, मजकूर नाही. शेरा आता खरा होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो शेरा वाचला आणि त्या बाकावर बसल्या.

"साहेब, सांगणाऱ्यांतली तेरा माणसं वारली. आता मी कोणाला विचारू?"

रीतसर अर्ज करा, दोन प्रतींत, सोबत फ्लॉपी जोडा, असे त्यांना सांगण्यात आले. बाईंनी तसे केले. वरिष्ठ कार्यालयाने फ्लॉपी तपासली. ती कोरी असल्याने अर्जाचा बोध होत नाही, असे कळवून खुलासा मागवला. खुलासा अधीक्षक खांबेटे यांनी करावयाचा आहे. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य: आपल्याला वाचता येत नाही, म्हणून ते कोरे ठरत नाही; ज्याला वाचता येते त्याच्या दारी जाण्यात कमीपणा मानणारा, दुसऱ्याचे लिहिलेले कायमचे पुसून बसतो.