दोन शॉटांच्या मधे

“सकाळची नऊ उत्तरं, बुवा... पुन्हा द्याल का?”

प्रज्योत मठाच्या ओट्यापाशी उभा होता. गळ्यात कॅमेरा, बगलेत वही. डावा पाय नुसता टाचेवर टेकलेला.

अवचितबुवा सुपातल्या डाळीतले खडे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “कसली उत्तरं?”

“मन म्हणजे काय, भीती म्हणजे काय... शूटिंगमध्ये दिलेली.”

“ती दिली ना एकदा.”

“ती आलीच नाहीत, बुवा. एकसुद्धा नाही.”

बुवांनी सूप खाली ठेवलं.

प्रज्योतनं काय झालं ते सांगितलं. कॅमेऱ्याला बटण एकच. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. सकाळी मठाच्या पायऱ्या चढताना ते कशाला तरी लागून दाबलं गेलं आणि कॅमेरा चालू झाला. वर येऊन त्यानं मोठ्यानं ‘ॲक्शन’ म्हणून बटण दाबलं, तेव्हा तो बंद झाला. ‘कट’ म्हणून दाबलं, तेव्हा पुन्हा चालू. उन्हात पडद्यावरचा लाल ठिपका दिसला नाही. नऊच्या नऊ वेळा असंच.

“म्हणजे मी बोलत होतो तेव्हा बंद...”

“हो.”

“आणि गप्प होतो तेव्हा चालू.”

“हो, बुवा.”

मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या हौसाबाई आतून म्हणाल्या, “बरंच झालं. यांचं बोलणं बंद करणारं कुणीतरी भेटलं एकदाचं.”

बुवा हसले. प्रज्योत हसला नाही.

ही त्याची पहिलीच फिल्म. उद्या दुपारी बारापर्यंत पाठवायची होती. निवडली गेली तर पुण्यातल्या सिनेमाच्या वर्गात जागा, तीही बिनफीची. नाही तर सोमवारपासून मामाच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं त्यानं घरी कबूल केलं होतं. कॅमेरा लग्नांचे फोटो काढणाऱ्या एका मित्राचा. साडेपाचला तो न्यायला येणार होता. आता चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“मी सगळं वहीत उतरवून घेतलंय,” प्रज्योत म्हणाला. “बघून बोला. तासात उरकेल. हे पहिलं... ‘मन म्हणजे दारातलं कुत्रं. हाकलत बसलास तर दिवसभर तेच करशील.’”

“हे मी म्हणालो?”

“तुम्हीच.”

“शहाण्यासारखं बोललो की.”

“मग तेच म्हणा ना पुन्हा!”

बुवांनी खरंच प्रयत्न केला. पाठ ताठ केली, प्रज्योतनं सकाळी आणलेली शाल खांद्यावर घेतली. “मन म्हणजे...” आणि थांबले.

“सकाळी तू विचारत होतास, प्रज्योत. आता मागतोयस... नाही जमायचं मला.”

त्यांनी शाल घडी करून त्याच्या हातात दिली.

“जे आलंय ते दाखव.”

“त्यात काही नाही. नुसता कचरा आहे.”

“मठातलाच ना? दाखव.”

तळहाताएवढ्या पडद्यावर तीन डोकी वाकली.

आधी पायऱ्या दिसल्या, उलट्यासुलट्या. मग बुवांचा पाय, ओट्याची पायरी चाचपडणारा. मग प्रज्योतचा आवाज: “बुवा, जरा शांत दिसा.” बुवांचा आवाज: “किती?”

मग हौसाबाई. पुन्हा हौसाबाई. “मावशी, फ्रेममधून बाजूला व्हा. मावशी, कितीदा सांगायचं?”

“चार वेळा हाकललंस मला,” हौसाबाई म्हणाल्या. “आणि बघ, मीच मी आहे.”

पाचव्या ‘कट’नंतर प्रज्योतनं कॅमेरा कट्ट्यावर ठेवला होता. चित्र तिरकं होतं. एका कडेला चूल, हौसाबाईंच्या पदराचं टोक. मधोमध बुवा बसलेले, आणि त्यांच्या मांडीवर प्रज्योतचा डावा पाय.

मठाच्या अंगणात सगळेच अनवाणी. बाभळीचा काटा लागला होता.

पडद्यावरचे बुवा सेफ्टी पिन घेऊन तळव्यावर वाकले होते.

“बुवा, राहू द्या. ऊन सरकतंय.”

“हलू नकोस.”

“सहावा शॉट राहिलाय, बुवा...”

“दुखतंय?”

पडद्यावरचा प्रज्योत डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे बघत होता. बुवांकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. बुवांनी काटा ओढला तसा त्यानं पाय हिसकला, “झालं, झालं” म्हणत तो चित्रातून निघून गेला.

बुवा एकटे उरले. काटा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि तो चुलीत टाकला. परत येऊन बसले, शाल सारखी केली.

चार मिनिटं, बारा सेकंद.

या मठात बुवांसमोर पाय पसरून बसायचीही रीत नव्हती.

“मांडीवर पाय,” हौसाबाई हळूच म्हणाल्या, “आणि बघतोय कुठं!”

प्रज्योतचे कान लाल झाले.

“मला हे आठवतसुद्धा नाही... पुसून टाकतो.”

“का रे?” बुवांनी विचारलं.

“लोक बघतील, बुवा. पाय तुमच्या मांडीवर, आणि हा शहाणा आभाळाकडे बघतोय.”

“बघत होतास ना?”

“...होतो.”

“मग?”

प्रज्योतचं बोट पुसायच्या खुणेवर होतं. पुष्कळ वेळ होतं...

त्यानं ते उचललं आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी तो फक्त बुवांचे हात बघत होता. संपल्यावर आणखी एकदा लावला.

“यात काही जोडायला नको,” तो म्हणाला. “कापायलाही नको... हे असंच पाठवता येईल.”

“माझा पदर दिसतोय त्यात,” हौसाबाई म्हणाल्या. “जुनं लुगडं आहे.”

“दिसू द्या, मावशी.”

तो ओट्याच्या पायरीवर निवांत बसला. सकाळी सहापासून पहिल्यांदाच. एक मोठा श्वास सोडला आणि त्याला हसू फुटलं. शेवटच्या तुकड्यात अर्धा तास पिशवीतला अंधार होता, हे त्यानं हसत हसतच सांगितलं. हौसाबाईंनी ताकाचा पेला पुढे केला. तो एका दमात प्यायला, आणखी मागितलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी खाली मोटारसायकलचा हॉर्न वाजला.

प्रज्योतनं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. खिशाचं बटण लावलं. वरून दोनदा चाचपलं. वही तिथंच पायरीवर राहिली.

मग तो लंगडत बुवांपुढे आला आणि पायांवर डोकं ठेवायला वाकला.

बुवांनी पाय आत ओढून घेतले.

“हौसाबाई, पिन आणा जरा,” ते म्हणाले. “आधी तुझा पाय बघू. सकाळी अर्धाच निघाला होता.”