घंटांना तेवढं जपा

राजेसाहेब रणधीरराव एका टेलिफोनपायी राणीसाहेबांचा झोपाळा देऊन टाकायला निघाले होते.

टेलिफोन होता भिंतीवर टांगायचा, लाकडी पेटीचा. माथ्यावर दोन पितळी घंटा, पुढे बोलायचा कर्णा, एका अंगाला कानाला लावायचा रिसीव्हर, दुसऱ्या अंगाला फिरवायचा दांडा. शंभर वर्षांचा आहे, असं तो घेऊन आलेले व्यापारी पोतनीस छातीवर हात ठेवून सांगत होते. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं, पण राजेसाहेबांचा जुन्या टेलिफोनांचा नाद काही सुटला नव्हता. पोतनीसांना मोबदल्यात हवा होता दिवाणखान्यातला शिसवी झोपाळा, पितळी कड्यांसकट.

"निम्मा नकली असेल हा," राणीसाहेब म्हणाल्या.

"एकूण एक भाग मूळचा आहे," पोतनीस म्हणाले. "फक्त पेटी उघडायची नाही. उघडलीत तर सौदा पक्का झाला असं समजेन."

राजेसाहेब हट्टाला पेटले. "ठीक आहे. टेलिफोनला बोटसुद्धा न लावता यातला नकली भाग जो दाखवील, त्याचं मी ऐकेन. नाहीतर संध्याकाळी झोपाळा यांच्या गाडीत चढेल."

राणीसाहेबांचे डोळे भरून आले. लग्न होऊन आल्यापासूनच्या त्यांच्या सगळ्या दुपारी त्या झोपाळ्यावर गेल्या होत्या. ते पाहून त्यांची मोलकरीण गजरा पदर खोचत पुढे आली.

"मी दावते, म्हाराज."

"तू? कधी टेलिफोन कानाला तरी लावलायस?"

"न्हाई जी. पुसते मातुर रोज."

"चुकलीस तर उद्यापासून बागेला विहिरीचं पाणी ओढायचं."

"ओढीन की."

गजरा पोतनीसांकडे वळली. तिचा चेहरा एकदम काळजीनं उतरला होता.

"सायेब, ह्यो हितं ऱ्हायला तर रोज मलाच पुसाय लागंल. माझा हात लई धसमुसळा. तो कानाला लावायचा रिसीव्हर पडून फुटला, तर मी काय करू?"

पोतनीसांना वाटलं, बाई घाबरली आणि राजेसाहेबही कचरले तर हातातला झोपाळा जायचा. ते घाईनं म्हणाले, "अगं, एवढंच ना? आठवड्यात दुसरा पाठवतो. हुबेहूब असाच."

"आन् ह्यो कर्णा?"

"कर्णे तर डझनानं मिळतात."

"दांडा मोडला तर?"

"तोही पाठवीन. वायर पाठवीन. पेटीला चीर गेली तर नवी पेटी करून देईन, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"लई उपकार झाले. आन् वरच्या घंटा?"

पोतनीस दचकले. "छे छे, घंटांना तेवढं जप बाई. त्या आता शोधून मिळायच्या नाहीत."

गजरानं राजेसाहेबांना हात जोडले. "म्हाराज, घंटा तेवढ्या जुन्या. बाकी समदं पुढल्या आठवड्यात मिळतंय."

पोतनीसांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. ते काहीतरी बोलायला गेले, पण तोवर राजेसाहेबांना हसू फुटलं होतं. ते इतके हसले की त्यांना झोपाळ्यावरच बसावं लागलं, आणि राणीसाहेबांनी त्यांना बाजूला सरकायला सांगितलं.

पोतनीस पेटी काखोटीला मारून निघून गेले.

"माग गजरा, काय हवं ते माग," राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले.

"एक दुभती म्हस द्या, म्हाराज. तिला उघडून बघाय लागत न्हाई. धार काढली का कळतंय."

राजेसाहेब पुन्हा हसत सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गजराच्या दारात म्हैस आली, आणि राजेसाहेबांच्या हुकमावरून तिची पहिली धार दारातच काढून दाखवण्यात आली.