यवक्षाराची शेवटची बरणी

एकदा एका रसशाळेत एक औषधींचा व्यापारी बरणी घेऊन तणतणत आला. "तात्या, या यवक्षारात स्वस्तातल्या साजीखाराची भेसळ आहे. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण..."

गेलेलं माणूस म्हणजे रसशाळा चालवणाऱ्या वृद्ध तात्यांची शिष्या वत्सला हिची आई. जव जाळून, राख धुऊन क्षार काढण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. तिला जाऊन महिना झाला होता आणि तिच्या हातची ही शेवटची बरणी.

परीक्षा साधी होती. तारेच्या टोकाला क्षार लावायचा आणि स्पिरिटच्या दिव्यात धरायचा. यवक्षाराची ज्योत फिकट जांभळी, साजीखाराची पिवळीधमक. वत्सलाने बोटांनी डोळे पुसले, त्याच बोटांनी चिमूटभर क्षार तारेला लावला. ज्योत पिवळी! पुन्हा धरला, पुन्हा पिवळी.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" व्यापारी म्हणाला.

"ओता उकिरड्यावर," वत्सला कशीबशी म्हणाली. तिला आईची लाज वाटली, आणि त्या लाजेचीही लाज वाटली.

तात्यांनी दुसरी तार घेतली, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत लालबुंद तापवली, निवू दिली. मग क्षाराला न शिवता ती नुसतीच वत्सलाच्या ओल्या बोटावर फिरवून ज्योतीत धरली. लख्ख पिवळी!

"आता तूही भेसळीची का गं?" तात्या हसले. "पोरी, प्रत्येक पदार्थ ज्योतीत आपलाच रंग सांगतो, उसना कधी सांगत नाही. मिठात आणि साजीखारात धातू एकच, म्हणून रंगही एकच, आणि तो भारी दांडगा. आसवांतलं कणभर मीठ दुसऱ्याचा रंग झाकून टाकतं. ज्योत खोटं बोलली नाही, बाळ. तिने तुझं दुःख सांगितलं. आईचं सांगायचं राहिलंय." मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "आणि शेटजी, तुम्ही दुकानात कोणत्या हाताने पारख केलीत?"

शेटजींनी घामेजलेले तळवे हळूच पाठीमागे नेले.

वत्सलाने हात धुतले. तार पुन्हा तापवली, बोट न लावता बरणीतच टेकवली आणि ज्योतीत धरली. कडेने फिकट जांभळा रंग उमलला, क्षणभर राहिला, विझला.

"चुकलो, ताई," शेटजी पुटपुटले. पण तिचं लक्षच नव्हतं.

"तात्या, अजून एकदा बघू?"

"बघ की," तात्या म्हणाले. "बरणी भरलेली आहे."